चार टनांची ऊब

चंद्रहास नेरूरकरांच्या शारजातल्या फ्लॅटमध्ये पाहुणा आला की पहिली पाच मिनिटं तो भलता खूश असायचा. बाहेरच्या पंचेचाळीस डिग्रीत भाजून निघालेला माणूस आत पाऊल टाकताच "आहाहा" करायचाच, आणि नेरूरकर त्या "आहाहा"साठी दाराशी तयारच उभे असत. सहाव्या मिनिटाला पाहुणा बाह्या खाली ओढायचा, दहाव्या मिनिटाला चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसायचा आणि पंधराव्या मिनिटाला त्याला एकदम कुठलंसं काम आठवायचं. हा पुढचा भाग नेरूरकरांच्या लक्षात कधी आलाच नाही. "आहाहा" ऐकलं की त्यांचं समाधान व्हायचं आणि ते आत निघून जायचे.

धंदा एसीचा. अजमानला वर्कशॉप, हाताखाली बारा माणसं, आणि सत्तावीस वर्षांत कुणी बोट दाखवावं असं एक काम नाही. घर म्हणजे त्या धंद्याची शोरूम. त्यामुळे घरातला एसी बारा महिने तेरा त्रिकाळ वीस डिग्रीवर. जानेवारीत सगळी शारजा खिडक्या उघडून बसते, तेव्हासुद्धा यांच्या खिडक्या बंद आणि मशीन चालू. का, तर मशीन चालतं राहिलं की निरोगी राहतं. माणसांचं काय होतं याविषयी त्यांनी काही अभ्यास केलेला नव्हता.

या शोरूममध्ये त्यांच्या पत्नी विद्युल्लताबाई सत्तावीस वर्षं राहत होत्या. जून महिन्यात पायात मोजे. स्वयंपाक आटोपला तरी गॅसपाशी रेंगाळायची सवय. नेरूरकरांनी हौसेने आणलेले अकरा स्वेटर कपाटात नीट घडी घालून ठेवलेले, त्यातला एक कायम अंगात. नेरूरकरांना बायकोची काळजी नव्हती असं म्हणायची कुणाची टाप नाही. परदेशी कुठे कामाला गेले की त्यांना सगळ्यात आधी आठवायचा तो तिचा स्वेटर.

तर अशा या बाईंनी नोव्हेंबरमध्ये एका संध्याकाळी, भाकरी ताटात वाढता वाढता सांगितलं, "फेब्रुवारीत मी सोलापूरला जाते. कायमची."

सोलापूरला! आता सोलापूर हे काय निवृत्त होऊन जायचं ठिकाण आहे? मार्च उजाडला की तिथली माणसंच कुठे थंड हवेला जाता येईल का ते बघतात. पण विद्युल्लताबाईंचं माहेर तिथलं. भाऊ देवदत्त याच्या घरावर गच्चीतल्या दोन खोल्या रिकाम्या पडून होत्या. स्लॅब इतका तापायचा की त्या खोल्यांना भाडेकरू टिकत नसे. त्याच खोल्या बाईंनी मागून घेतल्या होत्या, आणि भावाने दोनदा फोन करून "ताई, वर फार उकडतं गं" म्हणून बजावल्यावर त्यांनी आनंदाने होकार पक्का केला होता.

नेरूरकरांनी मोडलेला तुकडा परत ताटात ठेवला. त्यांना वाटलं चेष्टा आहे. मग वाटलं, आपण काही बोललो असू. मग सगळा आठवडा त्यांनी बायकोकडे चोरून बघण्यात घालवला. ती नेहमीसारखीच होती, भांडण नाही, रुसवा नाही. एका बॅगेत एकेक वस्तू जात होती एवढंच. गुडघे आणि बोटांचे सांधे दुखतात, थंडी सोसवत नाही, असं तिने सांगितलं होतं. ही बाई गेली तर आपण या घरात काय करणार, हा विचार त्यांना आला की ते उठून एसीचा फिल्टर साफ करायला घ्यायचे.

पण हातपाय गाळून बसेल तो कॉन्ट्रॅक्टर कसला. नेरूरकर बायकोला घेऊन दुबईतल्या बर दुबई भागात डॉक्टर संजनांकडे गेले. डॉक्टरीणबाई आपल्याकडच्याच, कल्याणच्या. त्यांनी बोटं दाबून पाहिली, चार प्रश्न विचारले आणि साधं सांगितलं की एसीपासून जितकं लांब राहता येईल तितकं राहा. दुसरा कुणी असता तर घरी येऊन त्याने रिमोट उचलला असता. नेरूरकरांनी घरी येऊन नकाशा उघडला. एसीपासून लांब राहायचं म्हणजे ज्या जागी एसीची गरजच नाही अशी जागा शोधायची, हे त्यांनी लिफ्टमध्येच ठरवलं होतं.

मुलगा वेद दुबईत नोकरीला, शनिवारी जेवायला यायचा. त्याला हा बेत सांगितला तर तो म्हणाला, "बाबा, जस्ट स्विच इट ऑफ." नेरूरकरांनी त्याला समजावलं की बंद करणं हे कधी सोल्यूशन नसतं. वेदने आईकडे पाहिलं. आई कढीत पळी फिरवत होती.

जागा मिळाली ती अहमदमुळे. अहमद म्हणजे शारजाच्या उत्तरेकडच्या रास अल खैमाचं वीस वर्षांचं जुनं गिऱ्हाईक. डोंगरात वर त्याच्या शेतालगत दगडी भिंतींचं दोन खोल्यांचं लहानसं घर बंद पडून होतं. शेजारी त्याच्या मोठ्या बहिणीचं घर. अहमद म्हणाला, मिस्टर चंदर, किल्ली घे, हवं तितकं राहा. डिसेंबरच्या एका शनिवारी नेरूरकर बायकोला तिथे घेऊन गेले. एसी नाही, पंख्याचीही गरज नाही, आणि सकाळी उठून थर्मामीटर पाहिलं तर नऊ डिग्री.

विद्युल्लताबाई तीन स्वेटर घालून पलंगावर बसल्या होत्या आणि त्यांचे दात वाजत होते. वेदचा मेसेज आला: "सो यू टुक अ कोल्ड पर्सन टू अ कोल्डर प्लेस. नाइस." नेरूरकरांनी फोन उलटा करून ठेवला. पण पोरगं बरोबर बोललं होतं आणि ते त्यांना झोंबलं.

यावर अहमदनेच उपाय सांगितला. लाकडाचा स्टोव्ह बसव. थंडीत आमच्या वरच्या बैठकीत तोच असतो, लोखंडी पेटी, काचेचं दार, धुराडं छतातून बाहेर. आत चार लाकडं टाकली की खोली उबदार. विद्युल्लताबाईंनी हे ऐकलं आणि पहिल्यांदाच मान वर करून पाहिलं. "लाकडाचा?" एवढंच त्या म्हणाल्या. नेरूरकरांनी तो शब्द ऐकला आणि त्यांना धीर आला. बायको फेब्रुवारीत जाणार होती, आणि आता तिला थांबवणारी वस्तू बाजारात मिळत होती.

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात असे स्टोव्ह विकणारं दुकान आहे हे त्यांना इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. दुकानदार याहया, सीरियाच्या डोंगराळ गावातला. लहानपण स्टोव्हच्या कडेला गेलेलं. बोलायचा हिंदी, इंग्लिश आणि अरबीची खिचडी, पण विषयाला धरून. त्याने नेरूरकरांना चहा दिला आणि तीन गोष्टी विचारल्या. खोली केवढी, भिंती कशाच्या, आणि बसणारं कोण. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं नेरूरकरांनी इंचांत दिली. तिसरा प्रश्न त्यांना फालतू वाटला. बसणारं कोण म्हणजे काय, माणसं बसणार.

याहयाने कोपऱ्यातली एक लहानशी पेटी दाखवली. पाच किलोवॉट. दोन खोल्या, दगडी भिंत, मधलं दार उघडं ठेवायचं. पुरे, असं तो म्हणाला.

नेरूरकरांना हसू आलं. पाच किलोवॉट म्हणजे दीड टनसुद्धा नाही. दीड टनाने ते वॉचमनची केबिन गार करायचे. त्यांनी खिशातून कागद काढला आणि हिशोब मांडला, जसा ते सत्तावीस वर्षं मांडत आले होते. अडीचशे स्क्वेअर फूट. शंभर फुटांना एक टन. छत उघडं, त्याचे जास्त. भिंत पश्चिमेची, तिचे जास्त. आणि वर सेफ्टी मार्जिन. चार टन. चार टन म्हणजे चौदा किलोवॉट.

आता इथे जरा थांबून या मार्जिनविषयी सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. आखातातला एसीवाला कधीही बरोबर मापाचं मशीन बसवत नाही. दोन टन लागत असेल तर अडीच बसवतो, अडीच लागत असेल तर तीन. यात लबाडी नसते, अनुभव असतो. ऑगस्टमध्ये खोली गार झाली नाही तर गिऱ्हाईक फोन करून आईबाप काढतं. खोली जास्त गार झाली तर कुणी फोन करत नाही, बटण दाबतं. नेरूरकर हे अभिमानाने सांगायचे की जास्त गार झालं म्हणून आपल्याकडे आजवर एकही तक्रार नाही. ऑफिसात नव्हतीच. घरातली तक्रार ते रजिस्टरात धरत नसत.

आणि कागदावरचं ते गणित होतं उन्हाळ्याचं. पश्चिमेच्या भिंतीवर ऊन पडतं म्हणून एसी मोठा लागतो. आग पेटवायची असेल तर ते ऊन आपल्याच बाजूचं असतं. हे पाचवीतल्या पोराला सांगितलं तर कळेल. पण सत्तावीस वर्षं हात एकाच दिशेने वळलेला असला की तो तसाच वळतो. नेरूरकरांनी पश्चिमेच्या भिंतीचा अर्धा टन इमानेइतबारे मिळवला.

याहयाने कागद पाहिला आणि कपाळावर हात मारला. चौदाचा स्टोव्ह पन्नास माणसांच्या बैठकीसाठी असतो, असं तो म्हणाला. नेरूरकर म्हणाले, नो प्रॉब्लेम, हबीबी, जास्त झालं तर कमी करू. तेव्हा याहया खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसला.

"मिस्टर चंदर, ही आग आहे, कॉम्प्रेसर नाही. तुम्ही सांगितलं म्हणून ती थांबणार नाही. मोठी पेटी घ्याल तर सारखी दाबून ठेवावी लागेल, आणि दाबलेली आग धूर करते, काच काळी करते, धुराडं भरून टाकते. लहान पेटी घ्या आणि मोकळी जळू द्या."

इतकं सरळ कुणी सांगितलं की शहाण्या माणसाने ऐकावं. नेरूरकरांनी ऐकलं, मान डोलावली, आणि मनात म्हटलं, हा माणूस लहान माल खपवायला बघतोय. पाच हजार दिरहम, म्हणजे सव्वा लाख रुपये, यांनी खळखळ न करता दिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी भाव केला नाही. फेब्रुवारी डोक्यावर आला होता. बायको थांबवायची तर मार्जिन हवंच, असा त्यांचा विचार. तो अगदीच चुकीचा होता असं मीही म्हणणार नाही.

पेटी आली. चार माणसांनी उचलून वर नेली. धुराडं बसवताना पुन्हा एक तमाशा झाला. नेरूरकरांना डक्ट टाकायची सवय, त्यांनी पाइप छताखालून आडवा फिरवून मागच्या बाजूला काढायचं ठरवलं, दोन वळणं देऊन, दिसायला सुबक. याहया स्वतः आला होता. धूर वर जातो, बाजूला जात नाही, असं म्हणून त्याने पाइप सरळ उभा लावला, छताच्या वर चांगला चार फूट. यावेळी नेरूरकर गप्प बसले, आणि तेवढ्यामुळे पुढे कुणी गुदमरून मेलं नाही.

जानेवारीच्या पहिल्या शनिवारी, दुपारी चारच्या सुमाराला, स्टोव्ह पेटला. बाहेर आभाळ भरलेलं, वारा सुटलेला, अकरा डिग्री. नेरूरकरांनी पेटी लाकडांनी गच्च भरली. कोरडं लाकूड, भराभर पेट घेतला. अर्ध्या तासात वीस. नेरूरकरांनी बायकोकडे विजयी मुद्रेने पाहिलं. पाऊण तासात सव्वीस. त्यांनी कोट काढला. तासाभरात बत्तीस. त्यांनी शर्टाची बटणं काढली आणि पेटीखालचं, हवा आत सोडणारं झाकण लावायला गेले. झाकण लावल्यावर आग मंदावली, काच काळी झाली आणि दाराच्या फटीतून धूर यायला लागला. दोघांनाही खोकला सुटला. झाकण उघडलं, आग पुन्हा उसळली. चौतीस. रिमोटसाठी त्यांचा हात दोनदा खिशाकडे गेला, आणि खिशात काहीच नव्हतं. सत्तावीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं की खोलीचं तापमान त्यांना विचारत नव्हतं.

छत्तीसला ते बाहेर पळाले.

अंगणात वारा सपासप लागत होता, घामेजल्या बनियनमधून तो आणखीच झोंबत होता. आत जावं तर भट्टी, बाहेर थांबावं तर थंडी. आपण हरलो हे त्यांना तिथे उभ्या उभ्या कळलं. दोन खोल्यांत पन्नास माणसांची आग लावून ठेवली. याहयाने सांगितलं होतं. वेदने सांगितलं होतं. आता ही बाई उठेल, बॅग भरेल आणि फेब्रुवारीपर्यंतसुद्धा थांबणार नाही. त्यांनी खिडकीतून आत पाहिलं.

विद्युल्लताबाईंनी स्वेटर काढला होता. तो त्यांनी खुर्चीच्या पाठीवर टाकला होता, मोजे काढून त्यावर ठेवले होते, आणि अर्ध्या बाह्यांच्या ब्लाउजात स्टोव्हसमोर पाय पसरून बसल्या होत्या. बोटांची उघडझाप करून बघत होत्या. नेरूरकर बघतच राहिले. तिचे हात कोपराच्या वरपर्यंत उघडे त्यांनी घरात कधी पाहिले होते ते त्यांना आठवेना. डाव्या दंडावर एक तीळ होता. लग्नाच्या वेळी त्यांना तो ठाऊक होता आणि मधेच कधीतरी ते विसरून गेले होते. त्यांना एकदम फार वाईट वाटलं.

ती उठून खिडकीशी आली. चेहरा लाल, केस कपाळाला चिकटलेले. वीस वर्षांनी लहान दिसत होती.

"मी देवदत्तला कळवते," ती म्हणाली. "सोलापूर रद्द."

नेरूरकरांना थंडी वाजायची थांबली. त्यांनी अंगणात उभ्या उभ्या वेदला फोन लावला आणि सांगितलं की बघ, माझं कॅल्क्युलेशन. चार टन म्हणजे चार टन. वेदने विचारलं, "आणि तुम्ही कुठे आहात, बाबा? व्हाय इज देअर सो मच विंड?" यांनी रेंज जातेय असं सांगून फोन ठेवला.

रविवारी दुपारी निघायची वेळ झाली. नेरूरकरांनी गाडी सुरू केली, हॉर्न दिला. विद्युल्लताबाई दारात आल्या त्या रिकाम्या हातांनी. त्यांनी सांगितलं की त्या इथेच राहणार. लाकडं भरपूर आहेत, वाणसामान अहमदचा माणूस खालून आणतो, शेजारी त्याची बहीण आहे. ती भारताशी व्यापार चालायचा त्या जुन्या पिढीची, तिला हिंदी छान येतं, सकाळी तिने गरम रोट्या पाठवल्या होत्या. सगळं ठरलेलं होतं. तुम्ही शनिवारी या, असंही त्या म्हणाल्या, अगदी आपुलकीने.

आणि उन्हाळ्यात, असं नेरूरकरांनी विचारलं. उन्हाळ्यात इथे कशी राहशील, एसी नाही. त्यावर विद्युल्लताबाईंचा चेहरा असा उजळला की नेरूरकरांना तो प्रश्न विचारल्याचा पस्तावा झाला. अहमदची बहीण सांगत होती, मे महिन्यात दुपारी चाळीसच्या वर जातं.

तर असं झालं. बायको देश सोडून जाणार होती, ती थांबली. शंभर-सव्वाशे किलोमीटरवर थांबली. नेरूरकरांनी त्या रस्त्याचा जॅम सगळा पाहिला. शारजात शिरताना तासभर गाडी हलली नाही, आणि त्या तासभरात त्यांनी गाडीतला एसी तीनदा लावला आणि तीनदा बंद केला. घरी कुणी नव्हतं. वीस डिग्री व्यवस्थित होती. ते हॉलमध्ये बसले आणि त्यांना घर फार मोठं वाटलं, मापाने तितकंच होतं तरी.

ओळखीच्यांत मात्र गाजावाजा झाला. नेरूरकरांनी बायकोसाठी डोंगरात घर घेतलं, परदेशासारखा स्टोव्ह बसवला, नशीबवान बाई. कुणी विचारलं वहिनी कुठे, तर हे म्हणायचे, वर आहे, तिला तिथलं मानवलंय. हे बोलताना त्यांना अभिमान वाटायचा आणि फोन ठेवला की ते उठून फिल्टर साफ करायला घ्यायचे. एका बुधवारी त्यांनी घरातला एसी बंद करून बघितला. पाच तास. काही झालं नाही. मशीन आजारी पडलं नाही, भिंतींना बुरशी आली नाही. खिडकी उघडली तर गार वारा आला, फुकटचा. त्यांनी हे विद्युल्लताबाईंना फोन करून सांगितलं, की अगं, बंद ठेवलाय, तू ये. पलीकडून कढईत उलथनं फिरल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या की शेंगा भाजायला टाकल्यात, करपतील, आणि फोन ठेवला.

शनिवार आले. नेरूरकर दर शनिवारी वर जायचे, आत दहा मिनिटं बसायचे आणि घामाने निथळत बाहेर यायचे. अंगणात खुर्ची टाकून, जाकीट घालून, ते खिडकीतून बायकोशी गप्पा मारायचे. ती आतून चहा द्यायची. असे तीन शनिवार झाल्यावर ते मुकाट्याने याहयाकडे गेले. याहया हसला नाही, हे त्याचं मोठेपण. तो म्हणाला, पेटी परत घेतो, पाचची देतो, खोली बावीसवर राहील, दोघंही आरामात बसाल. नेरूरकरांनी त्याचे दोन्ही हात धरले. आता गणित बरोबर होतं, आणि ते त्यांनी याहयाला स्वतः मांडू दिलं.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी ते वर पोचले तेव्हा दिवस मावळत होता. खालच्या मशिदीतून मगरिबची अजान ऐकू येत होती. विद्युल्लताबाई स्टोव्हसमोर चटईवर बसून शेंगा फोडत होत्या. नेरूरकरांनी दारातच सांगून टाकलं की सोमवारी माणसं येतील, हा स्टोव्ह जाईल, लहान येईल. चूक झाली, मापात चुकलो, असंही म्हणाले. हे वाक्य त्यांनी गाडीत चार वेळा म्हणून पाहिलं होतं.

"कशाला?" विद्युल्लताबाई म्हणाल्या. "हाच बरा आहे."

"अगं, पण मला आत बसता येत नाही."

"बसा की. कोण नको म्हणतंय?"

त्यात राग नव्हता. टोमणा असता तर नेरूरकरांना उत्तर देता आलं असतं. त्यांनी जाकीट काढलं, आत आले आणि तिच्या समोर चटईवर बसले. सोमवारच्या माणसांना नको म्हणून कळवलं, तिच्या देखतच. मग शेंगांची एक मूठ घेऊन तेही फोडायला लागले.

पाच मिनिटं गेली. पाठीवरून घाम ओघळायला लागला. त्यांनी शर्ट काढला. दहा मिनिटांनी बनियन अंगाला चिकटलं. डोळ्यांत घाम उतरून चुरचुरत होतं, कानशिलं ठणकत होती. ते तिच्याकडे बघत होते. ती शेंगा फोडत होती, फोलपटं एका बाजूला, दाणे एका बाजूला, बोटं कशी भराभर चालत होती. तिने एकदा वर पाहावं आणि विचारावं, एवढीच त्यांची अपेक्षा होती. फार उकडतंय का हो, इतकंच. तिने विचारलं असतं तर त्यांनी नाहीच म्हटलं असतं. पण विचारायला हवं होतं असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि अर्धा तास झाला तरी तिने काही विचारलं नाही.

शेवटी त्यांचा धीर सुटला.

"विद्या, मला फार उकडतंय गं."

विद्युल्लताबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली आणि नवऱ्याकडे नीट पाहिलं. त्या नजरेत माया होती, हे खरं सांगायला हवं.

"हो," त्या म्हणाल्या. "पहिली दोन-चार वर्षं होतं तसं. मग माणूस सांगायचं सोडून देतो."

आणि त्यांनी स्टोव्हचं दार उघडून आणखी एक लाकूड आत सरकवलं.